साखळीची टोकं मोजणारी कोलकात्याची प्रयोगशाळा

कोलकाता आणि विज्ञान म्हटलं की आपली नावं ठरलेली असतात: रामन, जगदीशचंद्र, सत्येंद्रनाथ, मेघनाद. आज मी त्या यादीत सहसा न येणारं एक नाव घेणार आहे, शांतिरंजन पालित. विषय मात्र आजचाच आहे, हायड्रोजनवर चालणारी बस. ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून बनवलेली अशी बस पुण्यात लोकांसमोर आली. बातम्यांत बस दिसली, पण तिच्या पोटातला पडदा कुणी दाखवला नाही.

फ्युएल सेलमध्ये एका बाजूला हायड्रोजन असतो, दुसऱ्या बाजूला हवा, आणि मधे प्लास्टिकचा पातळ पडदा. त्याने प्रोटॉन पलीकडे जाऊ द्यायचे आणि इलेक्ट्रॉन अडवायचे, म्हणजे ते बाहेरच्या तारेतून फिरून जातात आणि वीज मिळते. शिवाय दोन्ही वायू एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. पहारेकऱ्याचंच काम म्हणा ना! कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही, हे चोवीस तास सांभाळायचं.

हा पडदा पहिल्यांदा मोठ्या कामाला लागला तो अंतराळात. जनरल इलेक्ट्रिकने १९५० च्या दशकात सल्फोनिक गट जोडलेल्या पॉलिस्टायरीनचा पडदा वापरून सेल बनवला आणि ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी-५ यानाला वीज मिळाली ती अशा सेलांकडून. पण पॉलिस्टायरीन आतल्या रासायनिक माऱ्यापुढे टिकेना. पुढे ड्यूपाँट कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी फ्लोरिनयुक्त नाफिऑन तयार केलं. ते टेफ्लॉनच्या कुळातलं असल्यामुळे बरंच चिवट होतं.

नवा पडदा हातात आला की तपासण्या सुरू होतात. पाणी किती पितो, पाणी प्यायल्यावर किती फुगतो, प्रोटॉन किती सहज जाऊ देतो, हायड्रोजन किती झिरपतो, ताणल्यावर कधी फाटतो. हे सगळे पहिल्या दिवसाचे आकडे झाले. फौजेत आम्ही साहित्य ताब्यात घेताना असे पुष्कळ आकडे पाहायचो. पण सामानाची खरी परीक्षा दोन हिवाळे काढल्यावर होते. फ्युएल सेलचंही तेच आहे. मोटारीसाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने पूर्वी ५,००० तासांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, नंतर ते ८,००० केलं. अवजड ट्रकसाठी ते २५,००० तासांचं आहे. मग पडदा मरतो कसा, हे शोधणं आलं.

इथे दोराचं उदाहरण घ्या. नवा दोर कापला की त्याची टोकं आधी बारीक दोरीने आवळून बांधतात. तसं केलं नाही तर पीळ टोकापासून सुटत जातो, मधला दोर कितीही मजबूत असो. पॉलिमर म्हणजे रेणूंची लांबच लांब साखळी, आणि तिलाही टोकं असतात.

आता कोलकात्याला येऊ. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ साली स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था, रामन जिथे काम करत तीच, स्वातंत्र्यानंतर बहूबाजारातून जादवपूरला गेली. तिथे पालित आणि त्यांचे विद्यार्थी पॉलिमरवर काम करत. त्यांना प्रश्न पडला की साखळीच्या टोकाला नेमकं काय आहे? प्रश्न साधा दिसतो, पण साखळीचा रेणुभार एक लाख असेल तर टोकावरचा सल्फेट गट वजनाने हजारात जेमतेम एक भाग भरतो. नेहमीच्या विश्लेषणात तो सापडणार कसा?

त्यांची युक्ती मला फार आवडते. पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा आणि मिथिलीन ब्लू या रंगाच्या आम्लयुक्त पाण्याबरोबर हलवायचा. एरवी हा रंग वरच्या पाण्यातच राहतो. पण साखळीच्या टोकाला सल्फेटसारखा ऋणभारित गट असेल तर रंगाचा धनभारित कण त्याच्याशी जोडी जमवतो आणि खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो. खालचा थर निळा होतो. तो किती निळा झाला हे रंगमापकावर मोजलं की टोकं किती ते कळतं. धनभारित टोकांसाठी दुसरा रंग. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम प्रसिद्ध होऊ लागलं आणि १९६८ मध्ये पालित आणि ब्रजमोहन मंडल यांनी या रंगपद्धतींचा मोठा आढावा लिहिला. महागडं यंत्र नाही, परदेशी कंत्राट नाही. लागली ती बाटली, रंग आणि डोकं.

आता तीन-साडेतीन दशकं पुढे या. फ्युएल सेलमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फ्लोराइड सापडायचं, म्हणजे नाफिऑन झिजत होतं. २००४ मध्ये ड्यूपाँटच्या संशोधकांनी दाखवलं की साखळीच्या टोकांवर राहिलेले कार्बॉक्सिलिक गट कमी केले, तर पडद्याची झीज बरीच कमी होते. हायड्रॉक्सिल मूलक टोकाला धरतो आणि साखळी चेन उसवावी तशी उसवत जाते. ही तपासणी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहक्षार यांच्या द्रावणात करतात. तिच्या मुळाशी हेन्री फेंटन यांचं १८९४ चं निरीक्षण आहे.

ड्यूपाँटने पालितांची पद्धत उचलली, असं मी म्हणत नाही. नाफिऑन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही आणि त्याच्या अंगभर सल्फोनिक गट असल्यामुळे या रंगाने त्याची टोकं वेगळी मोजताही येणार नाहीत. पण अख्ख्या साखळीपेक्षा तिच्या टोकाकडे बघा, हा प्रश्न जादवपूरला आधीच विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर आकड्यांत दिलं गेलं होतं. टोकं मोजणाऱ्या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात येत नाही, याचं मला वाईट वाटतं. रामन यांच्या नावाने आपण विज्ञान दिन पाळतो, तो जरूर पाळावा. पण त्याच संस्थेतली ही गोष्ट मुलांना सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

टोकं बांधून सगळंच भागलं असंही झालं नाही. कार्बॉक्सिलिक टोकं जवळजवळ नाहीशी केली तरी थोडी झीज चालूच राहते, कारण मूलक बाजूच्या फांद्यांवरही हल्ला करतात. म्हणून आज पडद्यांमध्ये सिरियमसारखी मूलक शोषणारी द्रव्यं मिसळतात आणि बाहेर येणाऱ्या पाण्यातलं फ्लोराइड अजूनही तासातासाने मोजलं जातं.