पर्लबाईंच्या घरातील मुले

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा एखादी पाककृती द्यावी असेच प्रथम मनात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनालयातून आणलेले पर्ल बक या लेखिकेविषयीचे पुस्तक तेव्हाच वाचून संपले होते व त्यांचे घर काही मनातून जात नव्हते. तेव्हा भगिनींनो, त्यांचीच हकिगत सांगते.

पर्लबाई १८९२ साली अमेरिकेत जन्मल्या आणि काही महिन्यांच्या असतानाच आईबापांबरोबर चीनमध्ये गेल्या. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. ते गावोगाव प्रवचने करीत हिंडत आणि घर सांभाळी ती आई. त्या माउलीची सातांपैकी चार मुले लहानपणीच गेली. १९१७ साली पर्लबाईंचे लग्न झाले, तेही मिशनमधल्याच गृहस्थाशी. हे बकसाहेब चिनी शेतकऱ्यांना सुधारलेली शेती शिकवीत. म्हणजे माहेर मिशनचे आणि सासरही मिशनचेच.

१९२० च्या मार्चमध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे नाव कॅरल. मुलगी गोरीगोमटी, दृष्ट लागण्यासारखी. पण पाठोपाठ बाईंच्या गर्भाशयात गाठ निघाली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि आता पुन्हा मूल होणार नाही असे कळले. इकडे कॅरल वाढत होती, पण बोलत नव्हती. कोणी म्हणे उशिरा बोलेल, कोणी काही. रजेवर अमेरिकेत गेल्यावर त्यांनी मोठमोठे डॉक्टर पाहिले. अखेर एका डॉक्टरने स्पष्टच सांगितले, ही मुलगी कधीही शहाणी होणार नाही, आशा धरू नका. ते ऐकून त्या आईचे काय झाले असेल, ते मी लिहीत नाही.

त्याच मुक्कामात, १९२५ साली, त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील एका अनाथालयातून तान्ही मुलगी दत्तक घेतली. ती जॅनिस. आपल्याकडे दत्तक घेत ते वंशासाठी आणि पिंडदानासाठी, म्हणजे मुलगा. मुलगीही दत्तक घेता येईल असे आपल्या कायद्यात आले ते १९५६ साली. पर्लबाईंना वंश चालवायचा नव्हता, घरात मूल हवे होते.

मुली घेऊन ते चीनमध्ये परतले, तो १९२७ च्या मार्चमध्ये नानकिंग शहरात सैन्य शिरले आणि परदेशी लोकांची घरे लुटली जाऊ लागली. आयुष्यभर ज्या लोकांत राहिले त्यांच्यापासूनच लपण्याची पाळी आली. बाईंनी पूर्वी एका गरीब चिनी बाईला अडचणीत मदत केली होती. ती धावत आली आणि तिने साऱ्यांना आपल्या झोपडीत लपविले. म्हातारे वडील, बहिणीचा संसार, सात वर्षांची कॅरल आणि दोन वर्षांची जॅनिस, सगळे त्या एका अंधाऱ्या खोलीत. बाहेर घर लुटले जात होते. जिला काही समजत नाही अशा मुलीला तिथे गप्प कसे ठेवले असेल, हाच प्रश्न वाचताना मला पडला. जीव वाचले. पुढे काही महिने त्यांनी जपानात काढले.

१९२९ साली कॅरलला अमेरिकेत न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील शाळेत कायमचे ठेवले. अशा मुलांसाठीच ती शाळा होती. खर्च मोठा होता, उपदेशकाच्या घरात एवढा पैसा कुठला? कर्ज काढले. तो खर्च भागवायचा म्हणून बाई नेटाने लिहू लागल्या. १९३१ साली 'द गुड अर्थ' निघाली, तिने जग जिंकले आणि १९३८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कादंबरीतल्या शेतकऱ्याची थोरली मुलगी वेडसर आहे, बोलत नाही. ती कोण हे वाचकांना कसे कळणार? कॅरलविषयी बाईंनी बाहेर अवाक्षर काढले नव्हते.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. माझ्या आत्याला असाच एक मुलगा होता. पाहुणे आले की त्याला मागल्या खोलीत नेत, आणि कडी लावण्याचे काम माझ्याकडे असे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आत्याच्या कोणत्या पापाचे हे फळ, अशी कुजबुज बायकांत चाले आणि आत्या ती ऐकून घेई.

असो. पर्लबाईंचे मिशनशीही बिनसले. परदेशात जाणारे कित्येक उपदेशक तेथील लोकांना कमी लेखतात, असे त्या १९३२ साली भर सभेत बोलल्या. गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. १९३५ साली त्यांनी नवऱ्याशी काडीमोड घेऊन प्रकाशक वॉल्श यांच्याशी लग्न केले. हे आपल्यापैकी काहींना रुचणार नाही, मलाही एकदम रुचले नाही. पण त्या नव्या घरात त्यांनी पुन्हा तान्ही मुले दत्तक आणली, १९३६ साली तर एकदम दोन.

१९४८ च्या अखेरीस त्यांच्याकडे एका बाळाविषयी विचारणा आली. पंधरा महिन्यांचा मुलगा, आई अमेरिकन आणि वडील हिंदी, म्हणजे आपल्याकडचे. त्याच्या सावळ्या रंगामुळे त्याला कोणी घर देईना. बाई तेव्हा छप्पन वर्षांच्या. त्यांनी त्याला आणले, शेजारच्या एका जोडप्याच्या हाती सांभाळायला दिले, आणि त्यातूनच १९४९ साली 'वेलकम हाउस' ही संस्था उभी राहिली. मिश्र वंशाच्या मुलांना आईबाप मिळवून देण्याचे काम तिने हाती घेतले.

१९५० साली बाईंनी कॅरलची सारी हकिगत पुस्तकरूपाने छापली. तीस वर्षे झाकलेली गोष्ट त्या स्वतःच बोलल्या. कॅरलचा दोष कोणता, तोही पुढे उमगला. अन्नातील प्रथिनांचा एक घटक या मुलांच्या शरीरात पचत नाही, साठत जातो आणि मेंदूला अपाय करतो. नॉर्वेच्या फोलिंग या डॉक्टरांनी हा विकार १९३४ साली ओळखला. आईबाप दोघांकडून न दिसता तो उतरतो. आता जन्मतःच टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून कळतो आणि वेळीच पथ्य पाळले तर मूल चांगले वाढते. पापाचा येथे संबंध नाही. आत्या असती तर हे मी तिला वाचून दाखविले असते.

पर्लबाई १९७३ साली वारल्या. मागे कॅरलचे कायदेशीर पालकत्व घेतले ते जॅनिसने, अनाथालयातून आणलेल्या त्या मुलीने. कॅरल १९९२ साली, बहात्तर वर्षांची होऊन गेली. तिला संगीताची फार आवड होती. तबकड्या लावल्या की ऐकत बसे.

आमचा आत्येभाऊही रेडिओवर गाणे लागले की शांत बसे. पाहुण्यांसाठी बाहेर रेडिओ लावलेला असे, तेव्हा कडीच्या आतून तोही ऐकत असेल, हे मला कधी सुचलेच नाही.