जुनी खोबण, नवें कार्ड

चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड हें स्थानक आपल्यापैकीं कांहींना ठाऊक असेल. गोंदियाहून चंद्रपुराकडे जाणारा लोहमार्ग आणि नागपुराहून येणारा लोहमार्ग तेथें एकत्र येतात. एके काळीं दोन्ही मार्ग अडीच फुटी, म्हणजे अरुंद मापाचे होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पहिला मार्ग रुंद झाला. नागपूरचा मात्र २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत अरुंदच राहिला. मधल्या काळांत नागपुराहून निघालेल्या उतारूला पुढें जावयाचें असलें, तर नागभीडास उतरून, आपलें बोचकें उचलून, दुसरी गाडी गांठावी लागे. एंजिन बिघडलेलें नसे, रूळ उखडलेले नसत. केवळ दोन मापें जुळत नसत.

आजच्या भाषणाचा विषय अशाच मापांच्या जुळण्या-न-जुळण्याचा आहे. मात्र ही गोष्ट संगणकाच्या पोटांत घडली. 'आमच्या जुन्या मदरबोर्डाच्या स्लॉटांत हें नवें ग्राफिक्स कार्ड चालेल काय?' असा प्रश्न दुकानांतून तरुण मंडळी विचारतांना आपण ऐकलें असेल. प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्या मागें चाळीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्यांतील एक प्रकरण आपल्या देवनागरीचें आहे.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाचा मुख्य फलक. त्यावर कांहीं लांबट खोबणी असतात. त्यांनाच स्लॉट म्हणतात. पडद्यावर अक्षरें व चित्रें उमटविण्याचें काम ज्या कार्डाकडे असतें, तें ग्राफिक्स कार्ड. खोबणींतील धातूच्या पट्ट्यांना कार्डाच्या कडेवरील पट्ट्या भिडल्या, म्हणजे दोहोंमध्यें विद्युत्-संदेशांची देवघेव सुरू होते. कोणत्या पट्टीवरून काय जावयाचें, किती वेगानें जावयाचें, किती व्होल्टांनीं जावयाचें, हें सारें आधीं ठरलेलें असावें लागतें. म्हणून खोबण हा एक करार आहे. आणि त्या कराराची तिसरी बाजू म्हणजे पदरचे पैसे मोडून कार्ड विकत घेणारा गृहस्थ.

१९८१ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारांत आणला. त्याच्या फलकावर पांच खोबणी होत्या व प्रत्येकींत ६२ पट्ट्या. पडद्याची सोय मूळ फलकावर नव्हतीच. त्यासाठीं निराळें कार्ड घ्यावें लागे. कंपनीनें खोबणीचा तपशील छापून प्रसिद्ध केल्यामुळें इतर कारखानदारांनाही तिच्याजोगीं कार्डें करतां येऊं लागलीं. १९८४ सालीं अधिक शक्तिमान् यंत्र निघालें, तेव्हां जुनी खोबण जशीच्या तशी ठेवून तिच्याच रेषेंत पुढें ३६ पट्ट्यांची दुसरी खोबण जोडण्यांत आली. बहुतेक जुनीं कार्डें पहिल्या भागांत सुखानें बसत. नव्या कार्डांना दोन्ही भाग मिळत. घराचा पाया न हलवितां एक खोली वाढवावी, तशी ही युक्ति होती.

१९८७ सालीं मात्र त्याच कंपनीनें करार मोडला. तिनें 'मायक्रो चॅनेल' नांवाची सर्वस्वी नवी खोबण काढली. ती जुनीहून सरस होती. परंतु तींत जुनें एकही कार्ड बसत नसे, आणि इतर कारखानदारांना ती वापरण्यासाठीं परवान्याचे पैसे मोजावे लागत. दुसऱ्याच वर्षीं नऊ प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं एकत्र येऊन आपली नवी खोबण जाहीर केली. ती दोन मजल्यांची होती. जुनें कार्ड वरच्या मजल्यावर थांबे, नवें कार्ड खालच्या मजल्यापर्यंत उतरे. आयबीएमची सरस खोबण कांहीं वर्षांत मावळली. सामान्य घरगुती यंत्रांत १९८४ ची साधी खोबण त्यानंतरही दीर्घ काळ नांदली. ग्राहकानें कौल दिला तो जुन्या वस्तूचा मान राखणाराला.

आतां आपल्या घराकडे वळूं. त्या काळच्या संगणकाला रोमन अक्षरांपलीकडची लिपि उमगत नसे. जोडाक्षर, वेलांटी, रफार यांची त्याला वार्ताही नव्हती. कानपूरच्या आयआयटींत मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या प्रश्नावर काम केलें. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि तें काम तेथें 'जिस्ट' या नांवानें वाढीस लागलें. जिस्ट कार्ड हें संगणकाच्या त्याच जुन्या खोबणींत बसविण्याचें कार्ड होतें. इंग्रजीसाठीं रचलेला हिशेबाचा प्रोग्रॅम आपल्या समजुतीप्रमाणें केवळ अंकरूप संकेत पाठवी. त्या संकेतांतून मात्रा, काना व जोडाक्षरें घडवून पडद्यावर मांडण्याचें काम कार्ड करी. प्रोग्रॅममध्यें फेरफार न करतां त्यांत मराठी नांवें लिहितां येऊं लागलीं. एवंच, आपली लिपि संगणकांत शिरली ती एका खोबणीच्या वाटेनें.

या कार्डाच्या पाठीशीं जो संकेत होता, त्याचें नांव 'इस्की'. भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं त्याला राष्ट्रीय मानकाचें रूप दिलें. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. २५६ संकेतांपैकीं पहिले १२८ रोमन लिपीसाठीं जसेच्या तसे राखले, आणि भारतीय अक्षरांना वरच्या अर्ध्या भागांत जागा दिली. १९८४ च्या खोबणीचीच ही युक्ति, जुन्यास धक्का न लावतां पुढें विस्तार करण्याची! शिवाय ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या लिपींना एकच समान संकेत दिला. मराठी क, बंगाली क आणि तेलुगू क यांचा संकेत एक, कळफलकावरील कळही एक. बदले तें केवळ पडद्यावरील रूप.

या योजनेचें मोल पुण्यामुंबईपेक्षां मुलचेऱ्यासारख्या ठिकाणीं अधिक स्पष्ट दिसतें. गडचिरोली जिल्ह्यांतील हा अरण्यवेष्टित तालुका. येथें मराठी आहे, माडियांची गोंडी आहे. पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या व १९६० नंतर या भागांत वसविलेल्या निर्वासितांची बंगाली आहे. शेजारच्या अहेरी-सिरोंचा भागांत तेलुगू आहे. एका गांवचें दप्तर मराठींत, शेजाऱ्याची चिठी बंगालींत, अशा मुलखाला एक कळफलक व एक संकेत पुरावा, ही साधी सोय नव्हे.

परंतु खोबणीचें आयुष्य मर्यादित असतें. १९९२ सालीं इंटेल कंपनीनें 'पीसीआय' ही नवी खोबण पुढें आणली. कांहीं वर्षें एकाच फलकावर दोन्ही प्रकारच्या खोबणी शेजारीं-शेजारीं राहिल्या. २००० सालाच्या सुमारास नव्या फलकांवरून जुनी नाहींशी होत गेली. तिच्यासाठीं घडविलेलीं कार्डें, त्यांत जिस्टचीं जुनीं कार्डेंही आलीं, शाबूत असूनही नव्या यंत्रांत निरुपयोगी झालीं.

मग त्यांच्यावर लिहिलेल्या मजकुराचें काय झालें? येथें राष्ट्रीय मानकाचा उपयोग झाला. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'युनिकोड' या जागतिक संकेतानें देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. त्यामुळें इस्कींतील मजकूर युनिकोडांत नेण्याचा मार्ग सरळ राहिला. त्याच काळांत छपाईच्या सोयीसाठीं निरनिराळ्या उत्पादकांनीं आपापल्या अक्षरवळणांचे खाजगी संकेत प्रचारांत आणले होते. त्यांत जुळविलेलें मराठी पुस्तक, तें विशिष्ट वळण हातीं नसेल, तर आज पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांगोळी होऊन उभें राहतें. एकाचें कार्ड गेलें पण अक्षर राहिलें. दुसऱ्याचें यंत्र आहे पण अक्षर हरवलें!

ग्राफिक्स कार्डाची कथा पुढें चालूच राहिली. १९९७ च्या सुमारास त्याला 'एजीपी' ही स्वतंत्र खोबण मिळाली. तिच्या आवृत्त्यांबरोबर विजेचा दाब बदलत गेला, आरंभीं ३.३ व्होल्ट, पुढें १.५, त्याहीपुढें ०.८. चुकीचें कार्ड आंत जाऊं नये म्हणून खांचा निरनिराळ्या जागीं ठेवल्या होत्या. तरी खांच एक व दाब दुसरा असें सदोष कार्ड बसविलें गेलें, तर फलक जळण्याचें भय असे. २००३ सालीं 'पीसीआय एक्स्प्रेस' आली, आणि या गोंधळानंतर तिनें मोठें शहाणपण दाखविलें. कार्ड व फलक प्रथम सर्वांत मंद वेगानें एकमेकांशीं बोलतात, आपापलें सामर्थ्य सांगतात, आणि मग दोघांनाही झेपेल असा सर्वोच्च वेग ठरवितात. पहिल्या आवृत्तींत प्रत्येक मार्गिकेवरून एका दिशेनें सेकंदास २५० मेगाबाइट जात. २००७, २०१०, २०१७ व २०१९ च्या आवृत्त्यांनीं तो वेग दर वेळीं सुमारें दुप्पट केला. तरीही खोबणीचें माप तेंच राहिलें.

म्हणून आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें: नवें कार्ड जुन्या एक्स्प्रेस खोबणींत सामान्यतः बसतें व चालतें, मात्र जुन्याच्या चालीनें. खबरदारी घ्यावयाची ती तीन गोष्टींची. कांहीं कार्डें सोळांऐवजीं थोड्याच मार्गिका वापरतात. २०२२ च्या जानेवारींत निघालेलें एएमडीचें रॅडिऑन ६५०० एक्सटी अवघ्या चार मार्गिकांवर चालतें, आणि तिसऱ्या आवृत्तीच्या खोबणींत त्याची वाट निम्मी होते. दुसरें, खोबण ७५ वॅटपर्यंतच वीज देते. अधिकाची सोय वीजपुरवठ्याच्या पेटींतून वेगळ्या तारांनीं करावी लागते. तिसरें, फार जुन्या फलकांतील आरंभ-प्रोग्रॅम नव्या कार्डास ओळखीलच असें नाहीं. तेव्हां खोबण जुळूनही पडदा काळा राहतो.

श्रोतेहो, मुलचेऱ्यास स्वतःचें रेल्वे-स्थानक नाहीं. अशा ठिकाणीं वस्तु उशिरां पोंचते, आणि पोंचली म्हणजे ती अधिक वर्षें राबवावी लागते. शहरांतील माणूस जुनें यंत्र टाकून नवें घेतो. जुन्या कराराची खरी गरज असते ती रांगेच्या शेवटीं उभ्या असलेल्या माणसाला. खोबण मोडली, तर सर्वांआधीं तोच नागभीडाच्या फलाटावर बोचकें घेऊन उतरतो. नवें घडविणाऱ्यानें त्याची आठवण ठेवावी, आणि आपण नवें घेतांना एवढें पाहावें कीं आपलें लिखाण कोणाच्या खाजगी खांचेंत अडकणार नाहीं. यंत्रें बदलतीलच, सर्वांनीं मिळून ठरविलेला उघडा संकेत मात्र त्यांना पुरून उरतो.