घरांतील दुर्गंधीचा शोध व बंदोबस्त

इ. स. १७७५ सालीं लंडन शहरांतील अलेक्झांडर कमिंग नांवाच्या एका घड्याळजीनें वांकड्या नळीचें पेटंट घेतलें. घड्याळाचा आणि शौचकुपाचा काय संबंध, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहज येईल. परंतु ज्या कारागिराचा हात सूक्ष्म यंत्रांवर बसलेला असतो, त्याला लोकांनीं क्षुद्र मानलेल्या जागींही यंत्रच दिसतें. शौचकुपाखालची सरळ नळी त्यानें खालीं वांकवून पुन्हां वर घेतली आणि मग खालीं सोडली. या वांकणांत प्रत्येक वेळीं थोडें पाणी अडून राहतें. तें ओंजळभर पाणी हेंच गटाराचें दार. वरून येणारें पाणी त्यांतून खुशाल खालीं जातें, पण खालचा वायु वर येऊं शकत नाहीं. या दाराला बिजागरी नाहीं, कडी नाहीं, आणि तें गंजतही नाहीं. तीन वर्षांनीं, १७७८ सालीं, जोसेफ ब्रामा या सुतारकाम करणाऱ्या गृहस्थानें झडपेची सुधारणा करून आपलें पेटंट घेतलें, व हळुहळू हीं उपकरणें श्रीमंतांच्या वाड्यांत जाऊन बसलीं.

परंतु नळी कितीही सुरेख वांकली, तरी ती अखेर जाऊन पडत होती घराखालच्या खड्ड्यांतच. लंडनमधील पुष्कळ घरांच्या तळघरांत किंवा परसांत विटांनीं बांधलेला एक हौद असे व तो रात्रीच्या वेळीं मजूर उपसून नेत. घरांत पाणी बेताचें होतें तोंवर ही व्यवस्था कशीबशी निभली. नळाचें पाणी व नवे शौचकूप आले, तसे हे हौद भरून वाहूं लागले. १८४८ नंतर अधिकाऱ्यांनीं हौद बुजविण्याचा व घरें सार्वजनिक गटारांना जोडण्याचा सपाटा लावला, आणि सारी घाण टेम्स नदींत जाऊं लागली. घर स्वच्छ झालें व नदीचा हौद झाला.

याचा परिणाम १८५८ च्या उन्हाळ्यांत सर्व जगानें ऐकला. उन्हानें नदी आटली, कांठावरची घाण तापली, आणि नदीकिनारीं असलेल्या पार्लमेंटांत सभासदांना बसवेना. चुन्याच्या क्लोराइडांत भिजविलेले पडदे खिडक्यांना लावून पाहिले; पण वास कांहीं पडद्याला भीत नाहीं. जें काम वर्षानुवर्षें समित्यांच्या दप्तरांत पडून होतें, त्याचा कायदा २ ऑगस्ट १८५८ रोजीं मंजूर झाला. जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरानें पुढें ८२ मैल लांबीचीं मुख्य गटारें बांधून घाण शहराच्या पूर्वेकडे, पार खालच्या बाजूस, नेऊन सोडली. सत्ताधाऱ्यांच्या स्वतःच्या नाकाला झोंबेपर्यंत सार्वजनिक कामाला गति येत नाहीं, ही गोष्ट कांहीं एकट्या लंडनचीच नव्हे.

या सर्व खटाटोपामागें एक ठाम समजूत होती. दुर्गंधी ही रोगाची खूण नसून दुर्गंधी हाच रोग आहे, असें त्या काळचे मोठमोठे लोक मानीत. १८४२ सालीं इंग्लंडांतील मजूरवर्गाच्या आरोग्याविषयीं गाजलेला अहवाल लिहिणारे एडविन चॅडविक यांनीं १८४६ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें तसें स्पष्ट सांगितलें. हिंवतापाला ‘मलेरिया’ म्हणजे ‘वाईट हवा’ हें नांव पडलें, तेंही याच समजुतींतून. १८५४ सालीं डॉ. जॉन स्नो यांनीं सोहो भागांतील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवून पटकी हवेंतून नव्हे तर पाण्यांतून येते असें सांगितलें; परंतु त्यांचें म्हणणें अधिकाऱ्यांना पटलें नाहीं. पाणी स्वच्छ दिसत होतें, त्याला वास नव्हता. मग त्याच्यावर संशय तरी कसा घ्यावा?

तथापि या चुकीच्या समजुतीला इतिहासानें सरसकट हंसूं नये. तिच्या पोटीं जन्मलेलीं कांहीं कामें विलक्षण उपयुक्त ठरलीं. पॅरिसमधील लाबाराक नांवाच्या औषधविक्यानें प्राण्यांचीं आंतडीं साफ करण्याच्या कारखान्यांतील असह्य घाण घालविण्यासाठीं क्लोरीनयुक्त द्रव वापरण्याची रीति बसविली. १८२४ सालीं अठराव्या लुई राजाच्या सडूं लागलेल्या देहाला वास येऊं नये म्हणून त्यालाच बोलावणें गेलें. पुढें १८४७ सालीं व्हिएन्ना येथील सूतिकागृहांत डॉ. सेमेलवाइस यांनीं पाहिलें, कीं शवविच्छेदन करून आलेल्या विद्यार्थ्यांच्या हातांचा प्रेतवास साबणानें जात नाहीं. तो वास घालविणारें द्रव्य म्हणून त्यांनीं क्लोरीनचें पाणी निवडलें व प्रत्येकाला त्यांत हात धुण्यास लावलें. एप्रिल महिन्यांत त्या विभागांत शेंकडा १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्यें हें प्रमाण शेंकडा सुमारें २ वर आलें. कार्बोलिक ॲसिडाचीही हीच कथा. कार्लाइल गांवीं गटाराच्या पाण्याची घाण मारण्यासाठीं तें वापरतात हें ऐकून ग्लासगोच्या जोसेफ लिस्टर यांनीं १२ ऑगस्ट १८६५ रोजीं, गाडीखालीं पाय मोडलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्याची पट्टी बांधली, आणि जखम न सडतां मुलगा बरा होऊन घरीं गेला. नाकाच्या सोयीसाठीं शोधलेलें औषध शस्त्रवैद्याच्या हातांत असें येऊन पडलें.

वास दाबणें आणि वासाचें मूळ काढणें यांतील भेद त्या काळांत जितका चघळला गेला तितका क्वचितच. ऊद, धूप, अत्तर, सुवासिक भुकट्या यांनीं दुर्गंधी झांकते, जात नाहीं. म्युनिकचे प्रख्यात आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांचें सांगणें असें, कीं खोलींत उकिरडा असेल तर खिडक्या वाढवीत बसण्यापेक्षां आधीं उकिरडा उचलावा. हेच पेटेनकोफर पटकीच्या जंतूंविषयींचा कॉकचा सिद्धांत खोटा ठरविण्यासाठीं १८९२ सालीं ते जंतु प्याले व सुदैवानें वांचले. उकिरड्याच्या बाबतींत त्यांची बुद्धि शाबूत होती, एवढेंच म्हणावयाचें.

गटारवायूचा खरा धसका इंग्लंडच्या घरांघरांत शिरला तो १८७१ सालीं. युवराज एडवर्ड त्या वर्षीं स्कारबरो येथें लंड्सबरो लॉज नांवाच्या घरीं पाहुणे म्हणून राहिले आणि परत आल्यावर विषमज्वरानें अंथरुणाला खिळले. त्यांच्याबरोबर तेथें राहिलेले अर्ल ऑफ चेस्टरफील्ड व युवराजांचा एक मोतद्दार असे दोघेजण याच तापानें मृत्यु पावले. युवराजांचे वडील प्रिन्स आल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजीं वारले होते. बरोबर दहा वर्षांनीं त्याच तारखेला युवराजांच्या दुखण्याला उतार पडला. दोष त्या घराच्या गटारांवर आला. विषमज्वर दूषित अन्नपाण्यांतून होतो, वासानें होत नाहीं, हें आज शाळेंतील मूलही सांगेल. परंतु तेव्हां मात्र प्रत्येक सुखवस्तु घराचा मालक आपल्या मोऱ्यांकडे संशयानें पाहूं लागला.

आणि येथून घरांतील दुर्गंधी हुडकण्याचें एक स्वतंत्र शास्त्रच निर्माण झालें. १८७७ सालीं हेलियर या प्लंबरनें आपल्या धंद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षीं लीड्सचे शस्त्रवैद्य प्रिजिन टील यांनीं चित्रांचें एक पुस्तक काढलें. त्यांत घराचा उभा छेद घेऊन, फरशीखालीं सांधा निखळलेली नळी कोठें आहे, उंदरांनीं शिशाचा नळ कोठें कुरतडला आहे, उतार उलट्या बाजूस कोठें दिला आहे, हें सारें दाखविलें होतें. ज्या वस्तूवर फरशी घालून मालक निश्चिंत झाला होता, तीच वस्तु चित्रांत उघडी पडली.

या शास्त्रांतील पहिला धडा असा, कीं वास जेथें येतो तेथें त्याचें मूळ असेलच असें नाहीं. थंड देशांतील घरांत शेगडी पेटली कीं उष्ण हवा धुराड्यांतून वर जाते व तिच्या जागीं खालची हवा ओढली जाते. सारें घरच एक धुराडें बनतें. तळघरांतील फुटक्या नळाचा वास मग दुसऱ्या मजल्यावरील निजण्याच्या खोलींत येतो, आणि बिचारी गृहिणी तेथील गाद्या उन्हांत टाकीत बसते. नाकाचा दुसरा दोष म्हणजे तें लवकर मरतें. घरांत राहणाऱ्याला आपल्या घरचा वास कळत नाहीं. बाहेरून आलेल्याला उंबरठ्यावरच कळतो. म्हणून परीक्षकानें प्रथम मोकळ्या हवेंत फिरून यावें व मग एकेक खोली तपासावी.

यासाठीं पेपरमिंटच्या तेलाची मोठी गंमतीची परीक्षा योजीत. घराच्या खिडक्या व दारें लावून घ्यावयाचीं. एका मनुष्यानें छपरावर जाऊन, मैलाच्या नळाच्या वरच्या तोंडांत पेपरमिंटचें तेल ओतावयाचें व मागोमाग कढत पाण्याची बादली सोडावयाची. दुसऱ्यानें आंत राहून खोल्याखोल्यांतून हुंगत हिंडावयाचें. ज्या कोपऱ्यांत पेपरमिंटचा वास येईल, तेथें गटाराची हवा येण्यास वाट आहे हें निश्चित. मात्र एक नियम कडक होता : ज्यानें तेल ओतलें त्यानें परीक्षा संपेपर्यंत घरांत पाऊल टाकावयाचें नाहीं, आणि तेलाची बाटली घरांत उघडावयाची नाहीं. कारण त्याच्या कपड्यांबरोबर वास आंत आला, कीं सारें घरच गुन्हेगार ठरावयाचें. दुसरी परीक्षा धुराची. तेलकट चिंध्या जाळून त्यांचा दाट धूर भात्यानें गटारांत भरावयाचा व तो कोणत्या सांध्यांतून, कोणत्या उंदराच्या बिळांतून बाहेर येतो तें डोळ्यांनीं पाहावयाचें. नाक फसतें, डोळा सहसा फसत नाहीं. म्हणून घरमालक भाडेकरूचें म्हणणें मान्य करीना, तेथें धुराचा पुरावा विशेष उपयोगी पडे.

याच तपासांत कमिंगच्या पाण्याच्या दाराचे दोषही बाहेर आले. वरच्या मजल्यावरून एकदम पुष्कळ पाणी आलें, तर तें आपल्यामागें खालच्या वांकणांतील पाणी ओढून नेतें व दार उघडें पडतें; म्हणून छपरापर्यंत हवेचा वेगळा नळ नेण्याची पद्धति पडली. आणि जी मोरी वापरांत नाहीं, तिच्यांतील पाणी नुसतें वाळून जातें.

मग खुद्द गटाराच्या हवेची परीक्षा झाली. १८८७ साली कार्नेली व हॉल्डेन या शास्त्रज्ञांनीं वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्याखालील व डंडी शहरांतील गटारांत उतरून तेथील हवा तपासली, आणि त्या हवेंत जंतु अपेक्षेपेक्षां फारच थोडे निघाले. गटारवायूचें भय त्यानंतर हळुहळू ओसरलें. परंतु हिंदुस्थानांतील अधिकाऱ्यांच्या डोक्यांतून तें इतक्या लवकर गेलें नाहीं, आणि त्याची किंमत मुंबईनें मोजली.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं ग्रंथिक ज्वराचे म्हणजे प्लेगचे रोगी ओळखले. प्लेगचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं हाँगकाँग येथें सांपडला होता. पण तो माणसाच्या अंगांत कसा शिरतो हें ठाऊक नव्हतें. म्हणून जुनें हत्यार उपसलें गेलें. समुद्राचें पाणी व कार्बोलिक ॲसिड सोडून गटारें धुतलीं; भिंतींना चुना फांसला; उजेड व वारा यावा म्हणून घरांचीं कौलें काढलीं; गरिबांचें सामान रस्त्यावर आणून जाळलें. मांडवींतील धान्याच्या वखारींत व चाळींच्या भिंतींत उंदीर मरून पडत होते, त्यांचा वास सर्वांना येत होता. तो वास घालविण्याची खटपट झाली. पण मेलेल्या उंदराचें अंग सोडून उपाशी पिसवा कोठें गेल्या, हें कोणीं पाहिलें नाहीं. गटारें धुतल्यामुळें त्यांतील उंदीर उलट घरांकडे पळाले असावेत, असेंही पुढील अभ्यासकांनीं म्हटलें आहे. १८९८ सालीं पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराची येथें प्रयोग करून उंदराच्या पिसवेकडे बोट दाखविलें. त्याचें म्हणणें वर्षानुवर्षें धुडकावलें गेलें. १९०५ नंतर परळ येथें काम करणाऱ्या प्लेग कमिशननें मुंबईंतीलच रोगग्रस्त घरांत गिनीपिग ठेवून तें खरें ठरविलें. उघड्या पिंजऱ्यांतील प्राणी मेले. ज्या पिंजऱ्यांना पिसू शिरणार नाहीं अशी बारीक जाळी होती, तेथील प्राणी त्याच खोलींत, तीच हवा हुंगून, जगले. वाऱ्याच्या सिद्धांताचा निकाल त्या जाळीनें लावला.

तोंवर १८९८ च्या कायद्यानें स्थापन झालेलें सुधारणा मंडळ समुद्राचा वारा शहराच्या पोटांत नेण्यासाठीं पूर्वपश्चिम रुंद रस्ते आंखूं लागलें होतें. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे त्यांतलेच. आज त्यांना शामळदास गांधी मार्ग व सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. रस्ते उत्तम झाले. मात्र पाडलेल्या घरांतील कित्येक कुटुंबें शेजारच्याच गल्ल्यांत अधिक दाटीनें राहूं लागलीं. शिवाय घरांमागील अरुंद घरगल्ल्यांतून मैला वाहून नेणारे हलालखोर होतेच. शहराची दुर्गंधी ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या नाकावर घेतली, त्यांच्या आरोग्याचा विचार त्या काळच्या योजनांत जवळजवळ नाहींच. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा कायद्यानें बंद करण्यास १९९३ साल उजाडावें लागलें, व २०१३ सालीं पुन्हां दुसरा कायदा करावा लागला. तरीही बंद गटारांत उतरलेले कामगार गुदमरून मेल्याच्या बातम्या आजही येतात. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायूला प्रथम कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलें कीं तोच वायु नाकाची संवेदना मारतो. वास गेला म्हणजे धोका टळला असें समजून माणूस पुढें पाऊल टाकतो.

गटाराच्या हवेला शास्त्रानें दिलेलें निर्दोषपणाचें प्रशस्तिपत्रही पुरतें टिकलें नाहीं. मार्च २००३ मध्यें हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतींत सार्स रोगाची सांथ भडकली व तीनशेंहून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासांत असें दिसलें, कीं लोक न्हाणीघराची जमीन पाण्यानें न धुतां ओल्या फडक्यानें पुसत. त्यामुळें जमिनीवरील मोरीच्या वांकणांतील पाणी वाळलें होतें. हवा बाहेर फेकणारा पंखा लावला, कीं त्या उघड्या दारांतून मैलाच्या नळांतील रोगकण घरांत ओढले जात.

आपल्याकडील गवंडी व प्लंबर या वांकणाला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. मे महिन्यांत घर बंद करून गांवीं गेलेल्या कुटुंबाला परत आल्यावर जो कुबट भपकारा दारांतच येतो, तो पुष्कळदां याच वाळलेल्या मोरीचा असतो. अशा वेळीं उदबत्ती शोधण्याआधीं प्रत्येक मोरींत दोनतीन तांबे पाणी ओतावें. घर पुन्हां महिनाभर बंद राहणार असेल, तर त्या पाण्यावर चमचाभर गोडें तेल सोडावें. तेलाची साय पाण्यावर राहते व तें उडून जाण्यास पुष्कळ वेळ लागतो.