हसवणाऱ्यांची रात्र : अकोट आणि वऱ्हाडातील एका परंपरेचा इतिहास

#धागा

एक माईक, एक माणूस, समोर अंधारात बसलेली माणसे. एकामागून एक चार-पाच नामवंत विनोदकार येतात, प्रत्येक जण ठरावीक वेळ हसवतो आणि सर्वांत मोठे नाव शेवटी येते. ‘स्टँड-अप’ नावाने ओळखली जाणारी ही रचना अमेरिकेतून मुंबईत आणि मुंबईतून पुण्यात आली, असे सर्रास सांगितले जाते. शब्दापुरते ते खरेही आहे. पण अकोटसारख्या गावी हीच रचना तिकिटाविना, मंडपात आणि वऱ्हाडी बोलीत आधीपासून रुजलेली होती.

अकोट हे सातपुड्याच्या पायथ्याचे, नरनाळ्याच्या वाटेवरचे, अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कापसाची बाजारपेठ, नरसिंग महाराजांचे संस्थान आणि एके काळी नावाजलेल्या सतरंज्या ही त्याची ओळख. सतरंजीचा उल्लेख येथे उगाच केलेला नाही. वऱ्हाडातील विनोदाचा प्रेक्षक खुर्चीवर बसणारा नव्हताच. तो खाली मांडी घालून बसणारा, अधूनमधून उठून बिडी ओढून येणारा आणि कार्यक्रम पटला नाही तर सरळ घरी जाणारा होता. अशा माणसाला दोन-तीन तास जागेवर बसवून ठेवण्याची गरज पडली आणि त्या गरजेतूनच येथील विनोदाचे तंत्र घडले.

या प्रदेशाला हसण्याचा वारसा जुना आहे. मराठी गद्याचा आरंभ ज्या महानुभाव पंथात झाला, त्याचे एक केंद्र अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर. तेथील गोविंदप्रभूंच्या लीळा वाचल्या तर संत म्हटल्यावर जी गंभीर मूर्ती डोळ्यांसमोर येते ती क्षणात मोडते. ते कोणाच्याही घरात शिरतात, हवे ते खातात, मुलांसारखे खेळतात, रुसतात. आठवणी लिहिणाऱ्या भक्तांनी हा वेडेपणा झाकला नाही, प्रेमाने नोंदवला. चक्रधरस्वामींचे दृष्टान्तही छोट्या किश्श्यांच्या घाटाचे आहेत. तेराव्या शतकाला आजच्या रंगमंचाचा पूर्वज ठरवणे अतिशयोक्ती होईल, हे मान्यच. पण किस्सा सांगून मुद्दा पटवण्याची सवय या मातीत किती खोल गेलेली आहे, हे यातून दिसते.

खरा पूर्वज मात्र गाडगे महाराज. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांकडे गेले. मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली, तेव्हा कर्ज म्हणजे काय हे या निरक्षर मुलाने फार जवळून पाहिले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तो ओसरल्यावर मागे उरलेल्या कर्जाच्या जगात ही पिढी वाढली. बाबांच्या विनोदाचे मूळ येथे शोधावे लागते.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. पुढील पन्नास वर्षे कीर्तन हेच त्यांचे शस्त्र राहिले. या कीर्तनाला पेटी नव्हती, बुक्का नव्हता, पूर्वरंग-उत्तररंगाची शिस्त नव्हती. ‘गोपाला गोपाला’च्या गजराने मंडळी एकजीव झाली की प्रश्नोत्तरे सुरू होत. आजचे विनोदकार ज्याला ‘क्राउड वर्क’ म्हणतात, ते येथे पूर्ण विकसित रूपात सापडते. बाबा प्रश्न टाकत, समोरच्यांकडून मोठ्याने उत्तर वदवून घेत आणि त्याच उत्तरांच्या पायऱ्यांवरून त्यांना अशा ठिकाणी नेऊन सोडत की स्वतःच्याच बोलण्यावर हसण्यावाचून गत्यंतर उरत नसे.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्यात हे तंत्र स्पष्ट ऐकू येते. देवाला आंघोळ कोण घालतो, धोतर कोण नेसवतो, हे ते विचारतात. लोक सांगतात की आपणच. नैवेद्य ठेवल्यावर शेजारी काठी घेऊन का बसता? कुत्रा येऊ नये म्हणून. म्हणजे ज्याला स्वतःच्या ताटावरचे कुत्रे हाकलता येत नाही, त्याच्याकडे माणूस मागणे मागतो आहे, हा निष्कर्ष श्रोत्यांच्या डोक्यात आपोआप तयार होतो. सत्यनारायणाच्या कथेतील बुडालेली नौका प्रसादाने वर येते, मग महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेलेली जहाजे पूजा घालून वर काढून दाखवा, असे त्यांचे आव्हान आहे. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर हा निखळ विनोदी प्रसंग आहे. आधी परिचित कथा, मग तिचे तर्कशुद्ध ताणणे आणि अचानक तुटणे.

हशा ओसरायच्या आत ते मूळ विषयावर येत. सणासाठी कर्ज काढू नका, हातावर भाकरी घेऊन खा पण मुलांना शिकवा, बळी देऊ नका, दारू सोडा, शिवाशीव पाळू नका. हसल्यामुळे सैल पडलेल्या मनात ही वाक्ये रुतून बसत. त्या ध्वनिमुद्रणानंतर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ बाबांचे निधन झाले.

कीर्तनात मात्र बोलणारा एकच असतो. एका रात्रीत अनेकांनी पाळीपाळीने मंच गाजवण्याची पद्धत वऱ्हाडात दुसऱ्या वाटेने आली असावी. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी, बाळापूर हे मोगल आणि निजामी काळातील महत्त्वाचे ठाणे. त्यामुळे या भागात उर्दूची मुळे खोल आहेत आणि मुशायरा अपरिचित नाही. १९०३ पासून १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. हिंदी कविसंमेलनांचे वारे त्या बाजूने सहज येत. नव्याने आधी म्हणायचे, मान्यवराने शेवटी, मधला दुवा संचालकाने सांभाळायचा आणि दाद मोठ्याने द्यायची, हे मुशायऱ्याचे संकेत. वऱ्हाडी कविसंमेलनात ते जवळजवळ जसेच्या तसे दिसतात. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीपेक्षा हैदराबाद आणि जबलपूर या प्रदेशाला या बाबतीत जवळचे होते, असे म्हणावेसे वाटते.

या मंचावर वऱ्हाडी बोली येणे ही साधी घटना नव्हती. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या मराठीवरील खंडात वऱ्हाडीची स्वतंत्र दखल आहे. शाळेत मात्र ‘मले’ म्हणणाऱ्या पोराला ‘मला’ म्हणायला शिकवले जाई आणि ‘काऊन’ हा शब्द वर्गाच्या दाराबाहेर ठेवावा लागे. नाटक-सिनेमात मालक प्रमाण मराठी बोले आणि गडी बोलीत बोले. हशा गड्याच्या वाट्याला येई. बोली ऐकताच हसायचे, ही सवय अशी लागली.

तेल्हारा तालुक्यातील हिंगणीचे विठ्ठल वाघ, यवतमाळचे शंकर बडे, अमरावतीचे डॉ. मिर्झा रफी अहमद बेग या कवींनी हे नाते उलटे केले. वाघांची ‘काळ्या मातीत मातीत’ ही रचना १९८१ च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटामुळे महाराष्ट्रभर पोहोचली. बोलीत गंभीरही लिहिता येते, याची साक्ष तिने दिली. बड्यांनी गावातल्या इरसाल माणसांना मंचावर आणले. ‘मिर्झा एक्स्प्रेस’ या नावाने ओळखले गेलेले बेग हे तर स्वतंत्र प्रकरणच. मुस्लिम घरात जन्मलेला हा कवी अस्सल वऱ्हाडीत शेतकऱ्याची, पुढाऱ्याची आणि नवरा-बायकोच्या भांडणाची चेष्टा करी. समोरच्या गर्दीत कोणत्याही जातिधर्माचा माणूस परका ठरत नसे, कारण हसायला लागणारी बोली सगळ्यांची एकच होती. आता बोलीत बोलणारा हसवीत होता आणि हसण्याचा विषय प्रमाण मराठीतला साहेब होता.

या मंचावर कवितेचे हळूहळू काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. कवितेआधी एक किस्सा सांगायचा, तो रंगला की वाढवायचा, मग दुसरा जोडायचा. अखेर कविता दोन मिनिटांची आणि किस्से वीस मिनिटांचे. समीक्षकांनी यावर नाके मुरडली. कवितेच्या बाजूने त्यांचे म्हणणे रास्त असेलही; पण विनोदाच्या इतिहासाच्या बाजूने पाहिले तर याच ठिकाणी कवीचा विनोदकार झाला.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या सुप्रसिद्ध एकपात्री प्रयोगाचा वऱ्हाड प्रांताशी संबंध नाही. त्यातील वऱ्हाड लग्नाचे आहे आणि बोली मराठवाड्याची. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ने जी एकपात्री वाट रुंद केली, तिच्यावरचा हा मोठा टप्पा. वऱ्हाडीतील विनोदी गद्याची ताकद पाहायची असेल तर खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’ ही कादंबरी हाती घ्यावी.

या परंपरेची एक बाजू लंगडी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मंचावर बहुतेक पुरुषच होते, आणि विनोद संपत आला की हमखास बायकोवर घसरत. हे खटकते, कारण वऱ्हाडातील बायकांचा स्वतःचा विनोद काही कमी धारदार नव्हता. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांत सासू, सासरा, दीर, नणंद यांची यथेच्छ टर उडवलेली असते. लग्नात व्याह्यांना लावलेल्या चिमटे काढणाऱ्या गाण्यांची गोष्ट तीच. फरक एवढाच की हे हसणे अंगणात राहिले. त्याला मंडप मिळाला नाही आणि मानधनाचे पाकीटही मिळाले नाही.

पुढे दूरचित्रवाणी आली. अमरावती जिल्ह्यातील भारत गणेशपुरे ‘फू बाई फू’ आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मधून घराघरांत पोहोचले आणि वऱ्हाडी ठेका कोल्हापूर-रत्नागिरीतही ओळखीचा झाला. २०१६ नंतर ‘भाडिपा’सारख्या मंडळींमुळे मराठी स्टँड-अपला शहरी तिकीट खिडकी लाभली. या दोन्हींमुळे बोलीला बाजार मिळाला आणि एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. अकोटच्या मंडपात ‘मले’ या शब्दावर कोणी हसत नाही. तेथे हसायला पुढचे वाक्य चांगले असावे लागते. पुण्याच्या सभागृहात ‘मले’वरच हशा येतो. तो फुकटचा हशा घ्यायचा की तो ओसरण्याची वाट पाहून मग विनोद सांगायचा, हे विदर्भातून निघालेल्या प्रत्येक तरुण विनोदकाराला माईक हातात घेतल्यावर पहिल्या मिनिटातच ठरवावे लागते.