पदवीच्या पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलस : ‘किती?’ संपते, ‘कशावरून?’ सुरू होते

अलिबाग, प्रतिनिधी

बारावीला गणितात उत्तम गुण मिळवून बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा आणि पहिल्याच सत्रात कॅल्क्युलसच्या पेपराला ए.टी.के.टी. पत्करायची, हा अनुभव मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कुठल्याच महाविद्यालयाला नवा नाही. रायगडच्या किनाऱ्यावरून, मुरूड-श्रीवर्धनच्या गावांतून अलिबागला, पनवेलला किंवा थेट मुंबईला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला तो जरा अधिकच झोंबतो. घरात त्याआधी कोणी पदवीचे गणित पाहिलेले नसते, आणि नापास होण्याचा अर्थ ‘आपल्याला हे जमणार नाही’ असाच लावला जातो. वास्तविक बिघडलेले असते ते वेगळेच. विद्यार्थी तोच असतो, विषयाचे नावही तेच असते. प्रश्न मात्र बदललेला असतो.

बारावीचे कलन हे प्रामुख्याने करणीचे गणित आहे. सूत्र ओळखायचे, अवकलन किंवा समाकलन करायचे, उत्तर काढायचे. विद्यापीठाचा पहिल्या वर्षाचा पेपर मात्र विचारतो, की हे सूत्र खरे कशावरून? मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ‘कॅल्क्युलस-१’ व ‘कॅल्क्युलस-२’ या नावांनी हा विषय बराच काळ शिकवला गेला. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पेपरांची नावे व श्रेयांक बदलत असले, तरी गाभा ओळखीचाच आहे : वास्तव संख्यांचे गुणधर्म, क्रमिका, सीमा, सातत्य, अवकलनक्षमता आणि मध्यमान सिद्धांत. अभियांत्रिकीचे तसे नाही. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, किंवा अन्यत्र, पहिल्या वर्षाचे गणित आंशिक अवकलन, वक्रांचे आलेखन, बहुविध समाकलन अशा वाटेने जाते. तेथे करणीचाच भर राहतो, फक्त वेग वाढतो. तेव्हा प्रवेश घेतानाच आपण कोणत्या कॅल्क्युलसला सामोरे जात आहोत हे विचारून घेतलेले बरे. नाव एक असले तरी हे दोन निराळे विषय आहेत, असे म्हटले तरी चालेल.

एप्सिलॉनचा बाऊ

अडखळण्याची पहिली जागा म्हणजे सीमेची व्याख्या. ‘क्ष हा २ च्या जवळ गेला की ३क्ष + १ हे ७ च्या जवळ जाते’, एवढ्यावर बारावी समाधानी असते. पदवीला ‘जवळ’ हा शब्द चालत नाही. जवळ म्हणजे किती जवळ? येथे एप्सिलॉन आणि डेल्टा ही दोन ग्रीक अक्षरे येतात आणि निम्मा वर्ग गळाठतो.

खरे पाहता ही एक पैज आहे. समोरच्याने सांगायचे, ‘उत्तर ७ पासून ०.०३ पेक्षा कमी अंतरावर हवे.’ आपण म्हणायचे, ‘मग क्ष हा २ पासून ०.०१ पेक्षा कमी अंतरावर ठेव.’ त्याने मागणी ०.००३ वर आणली, तर आपण ०.००१ वर यायचे. त्याने कितीही बारीक मागणी केली तरी तिच्या एक तृतीयांश अंतर देऊन आपण पैज जिंकतो, म्हणून सीमा ७ आहे. मागणी हा एप्सिलॉन, आपले उत्तर हा डेल्टा. क्रम उलटला, म्हणजे आपणच आधी डेल्टा ठरवून बसलो, तर सिद्धता कोसळते. उत्तरपत्रिकेत नेमकी हीच चूक पुन:पुन्हा होते. कारण विद्यार्थी ओळी पाठ करतो, पैज खेळत नाही.

न्यूटन आणि लायब्निट्स यांनी सतराव्या शतकात कलन उभे केले तेव्हा त्यांच्यापाशी ही व्याख्या नव्हती. फ्रान्सच्या कोशीने १८२१ साली सीमेची कल्पना पायाशी आणली आणि पुढे जर्मनीच्या वायरश्ट्रासने तिला आजचे काटेकोर रूप दिले. जगातील उत्तमोत्तम गणितज्ञांना जे समजून घ्यायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला, ते अठरा वर्षांच्या मुलाला दोन आठवड्यांत उमगले नाही, तर त्यात लाज वाटण्याजोगे काय आहे?

भरती-ओहोटीचा धडा

या किनाऱ्यावरच्या मुलाला एक सोय मात्र आहे. कलनाचा मूळ विषय, म्हणजे बदलाचा वेग, त्याच्या दाराशी दिवसातून चार वेळा उलटसुलट होतो.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. परतायला उशीर झाला की पाणी कसे ‘एकदम’ येते, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. ते एकदम का येते, याचे उत्तर अवकलजात आहे. भरतीचे पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात. त्याचे सहा समान भाग केले, तर एकूण चढाचे बारा हिस्से धरून पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से चढते, असा दर्यावर्दींचा जुना ठोकताळा आहे. उधाणाच्या दिवशी एकूण चढ ३.६ मीटर आहे असे समजू. मग पहिल्या भागात पाणी जेमतेम ०.३ मीटर चढेल, तिसऱ्या आणि चौथ्या भागात प्रत्येकी ०.९ मीटर. पर्यटक फसतो तो येथे. पहिल्या तासाची मंद गती पाहून तो निर्धास्त होतो.

हा ठोकताळा साइन वक्रातून येतो. १२ तास २५ मिनिटांच्या आवर्तनाचा साइन वक्र मानून अवकलन केले, तर याच उदाहरणात मध्यावरची गती ताशी सुमारे ०.९१ मीटर, म्हणजे मिनिटाला दीड सेंटिमीटर निघते. तळाशी व माथ्याशी ती शून्य असते. अर्थात प्रत्यक्ष समुद्र इतका आज्ञाधारक नाही. दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या नसतात, आणि भांगाच्या भरतीला हा सारा चढ बराच कमी होतो.

पहिल्या वर्षाचे दोन भारदस्त सिद्धांतही येथेच सापडतात. धक्क्याच्या भिंतीवरील एका खुणेपाशी पाणी चढताना पोहोचले आणि उतरताना पुन्हा त्याच खुणेवर आले, तर मधल्या काळात केव्हा तरी त्याची गती शून्य झालेली असणारच. हा रोलचा सिद्धांत. आणि सहा तासांत ३.६ मीटर चढले असेल, तर ताशी नेमकी ०.६ मीटर ही सरासरी गती एखाद्या क्षणी तरी असलीच पाहिजे. हा लाग्रांजचा मध्यमान सिद्धांत. दोहोंची अट अशी, की पाण्याची पातळी सलग बदलावी आणि मधल्या प्रत्येक क्षणी तिला निश्चित गती असावी. खारबांधाची उघाडी धाडकन बंद झाली आणि आतल्या पाण्याचा आलेख तेथे टोकदार मोडला, तर सिद्धांत हमी देत नाही. अटी का लिहायच्या, हे अशा वेळी कळते. उघाडीतून ओहोटीला क्षणाक्षणाला वेगळ्या गतीने बाहेर जाणाऱ्या पाण्याची बेरीज म्हणजे समाकलन, एवढे सांगून पुढे जाऊ.

नागावचे केरूनाना

कलन ही आपल्याकडे परकी वस्तू आहे, हा समजही तपासून पाहावा. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे. केरळातील माधवाच्या परंपरेने अनंत श्रेणी मांडल्या त्या युरोपाच्या आधी.

आधुनिक काळात तर या विषयाचे मराठीतले सुरुवातीचे पुस्तक एका संपादकाने लिहिले. १८३२ साली ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवीत, आणि ‘शून्यलब्धिगणित’ हा अवकलनावरील ग्रंथ त्यांचा. आम्हा वृत्तपत्रीयांना दरवर्षी ६ जानेवारीला ‘दर्पण’ आठवतो, हा ग्रंथ मात्र क्वचितच. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेशीही बाळशास्त्रींचा संबंध होता. १८४० च्या दशकात त्याच वेधशाळेत सहाय्यक म्हणून काम करणारे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, हे अलिबागजवळच्या नागावचे. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांनी गणित शिकले ते त्यांच्यापाशी. केरूनाना १८८४ साली निवर्तले. त्यानंतर वीस वर्षांनी, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध १९०४ मध्ये हलवण्यात आले ते अलिबागला. आजही येथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होते. सौर वादळात वीजवाहिन्यांना धोका किती, हे त्या क्षेत्रात किती बदल झाला यापेक्षा तो किती वेगाने झाला यावर अवलंबून असते. तोही अवकलजच.

मराठीतून कलन लिहिण्याची ही सुरुवात पुढे पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचली नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी एकाच वेळी इंग्रजी आणि सिद्धता अशा दोन अनोळखी भाषा शिकत असतो. ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा आहे, की...’ हे वाक्य त्याने आधी मराठीत स्वत:शी बोलावे, मग इंग्रजीत लिहावे. ‘प्रत्येक’ आणि ‘एखादा’ यांतला फरक मराठीत त्याला अचूक कळतो. इंग्रजी वाक्यात तो हातातून निसटतो.

पुस्तकांची वाण नाही. मुंबई आयआयटीचे सुधीर घोरपडे व बालमोहन लिमये यांचे कॅल्क्युलस व वास्तव विश्लेषणावरील पुस्तक सिद्धता आणि करणी यांची सांगड घालते. अजित कुमार व एस. कुमरेसन यांचे वास्तव विश्लेषणाचे पुस्तक आकृत्यांमधून सिद्धतेपर्यंत नेते. एनपीटीईएलवरील व्याख्याने फुकट आहेत. गाइडमधील सोडवलेली प्रश्नपत्रिका शेवटच्या आठवड्यात उपयोगी पडते, पहिल्या महिन्यात मात्र ती घातक ठरते. मुंबई विद्यापीठात गणितालाही प्रॅक्टिकल आहे. जर्नल पुरे करण्यासाठी मित्राचे उतरवून काढण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु तो तास म्हणजे शिक्षकाला शेजारी उभे करून ‘ही ओळ कशावरून आली?’ असे विचारण्याची आठवड्यातील एकमेव हक्काची जागा असते. व्याख्यानात ऐंशी जणांसमोर हात वर करायला संकोचणारी मुले तेथे विचारतात. पहिला प्रश्न बहुधा एप्सिलॉनचाच असतो.