कोपऱ्यातल्या खेळाडूची पारख

कबड्डीच्या सात खेळाडूंत चढाईपटू लगेच नजरेत भरतो. तो एकटा समोरच्या अंगणात शिरतो आणि त्याने आणलेला गुण त्याच्याच नावावर मांडला जातो. त्याला अडवणाऱ्यांचे तसे नसते. दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आत मध्यरक्षक, अशी साखळी धरून बचाव उभा राहतो. कोपरारक्षकाने चवडा किंवा घोटा धरला तरी पकड पुरी होते ती शेजाऱ्याने धडक देऊन चढाईपटूला मध्यरेषेपासून तोडल्यावरच. मग पकड कोणाची म्हणायची? त्यातही खरा कसलेला कोपरारक्षक पुष्कळ वेळा नुसता उभा असलेला दिसतो. त्याच्या धाकाने चढाईपटू त्या बाजूला फिरकत नाही, आणि जी चढाई झालीच नाही तिची नोंद कुठल्याच गुणपत्रकात नसते. शाळेतल्या पकडपटूला वरच्या संघापर्यंत पोचवणे म्हणूनच अवघड होते आणि आजही आहे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, या पोचण्याची वाट गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा बदलली.

अमेरिकी फुटबॉलमध्ये पिछाडीला खेळणाऱ्या बचावपटूंची अडचण अशीच आहे. ज्याच्या बाजूला चेंडू फेकायला प्रतिस्पर्धी कचरतात, त्याच्या नावावर आकडे थोडेच जमतात. पण तिथे खेळाच्या जोरावर महाविद्यालयीन शिष्यवृत्ती देण्यास १९५६ मध्ये रीतसर मुभा मिळाली आणि महाविद्यालयांचे प्रशिक्षक शाळाशाळांतून मुले हेरू लागले. भारतात हे काम महाविद्यालयांनी फारसे केले नाही. इथे खेळाडू शोधला तो नोकरी देणाऱ्यांनी: रेल्वेने, पोलिसांनी, बँकांनी आणि कारखान्यांनी.

हुतूतूला, म्हणजे आजच्या कबड्डीला, नियमांत बसवण्याचे पहिले प्रयत्न पुणे-बडोदा पट्ट्यात झाले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम ठरवून स्पर्धा भरवली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. गावोगावी हुतूतू रंगत असला, तरी नियम ठरवणाऱ्या, संघ निवडणाऱ्या संस्था संस्थानाच्या हद्दीपलीकडे होत्या. १९२३ मध्ये सुरू झालेले शहरातले इंटरमीजिएट कॉलेज आणि १९५० चे मिलिंद महाविद्यालय ही दोन्ही उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली होती. विद्यापीठाच्या संघात शिरायचे तर वाट हैदराबादेवरून जात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, तेव्हा कुठे इथला खेळाडू पुण्या-मुंबईच्या खेळाडूंशी एकाच व्यवस्थेत उभा राहिला. तोवर अखिल भारतीय कबड्डी महासंघ (१९५०) स्थापन होऊन मद्रासला १९५२ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धाही झाली होती. मराठवाड्याने सुरुवात केली ती अशी काही पावले मागून.

२३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, आणि खेळाडूंच्या दृष्टीने ही तारीख राज्यपुनर्रचनेइतकीच मोलाची ठरली. आता आंतरमहाविद्यालयीन सामने जवळ होऊ लागले आणि त्यांतून निवडलेला विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरू लागला. पकडपटूला इथे एक अनपेक्षित फायदा मिळाला. विद्यापीठाची निवड चाचणी म्हणजे निरनिराळ्या महाविद्यालयांतली मुले एकत्र करून खेळवणे. अनोळखी साथीदारांबरोबरही ज्याची साखळी जुळते, जो शेजाऱ्याला आवाज देतो, चढाईपटूची पाठ वळताच एक पाऊल पुढे सरकतो, तो तिथे दिसतो. आपल्याच गावच्या संघात वर्षानुवर्षे खेळणाऱ्याचे हे गुण सवयीत दडून जातात. सप्टेंबर १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले. त्याच वर्षी नामविस्तार झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद हे चार जिल्हे राहिले. एका संघाचे दोन झाले आणि मराठवाड्यातल्या मुलांना विद्यापीठाच्या गणवेशातल्या जागाही दुप्पट झाल्या.

शालेय स्पर्धांची शिडी मात्र पकडपटूला फार साथ देणारी नव्हती. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांवर जिंकणारा संघ पुढे जातो. उत्तम कोपरारक्षक कमकुवत शाळेत असेल, तर तो तालुक्यातच थांबतो. एकट्याच्या चढाईवर सामना ओढून नेणारी मुले असतात, एकट्याच्या बचावावर सामना जिंकता येत नाही. जिल्हा कबड्डी संघटनेच्या निवड चाचणीने ही उणीव भरून काढली. तिथे अजिंक्यपदाच्या सामन्यांतूनच जिल्ह्याचा संघ निवडतात, त्यामुळे हरलेल्या संघातला एखादाही उचलला जातो. तिथे अडसर होता वजनाचा. कुमार गट वीस वर्षांखालचा आणि ७० किलोपर्यंतचा. धडक देणाऱ्या मध्यरक्षकाला भरीव अंग लागते. सतरा-अठराव्या वर्षी त्याचा काटा पुढे सरकला की वय असूनही तो कुमार गटातून बाहेर पडतो आणि थेट पुरुष गटात मुरलेल्या खेळाडूंसमोर येतो. या टप्प्यावर किती चांगले मध्यरक्षक खेळ सोडून गेले असतील, याची खंत वाटावी अशीच ही जागा आहे.

मुंबईत गिरणगावच्या मंडळांतून कबड्डी फुलली. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी तिला संघटनेचा आकार दिला. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, बँका आणि रेल्वे यांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन आपापले संघ उभे केले. परळ-लालबागच्या मुलाला कंपनीचा प्रशिक्षक संध्याकाळी मैदानावरच भेटत असे. औरंगाबादच्या मुलासाठी तो प्रशिक्षक रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर होता. शहराचे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेत येते आणि तिचे मुख्यालय सिकंदराबादला आहे. मुंबईतल्या दोन्ही रेल्वेंचे नामांकित संघ या गावापासून प्रशासनानेही दूर होते. त्यामुळे इथल्या खेळाडूला प्रत्यक्ष नजरेपेक्षा कागदाचा आधार जास्त घ्यावा लागला.

तो कागद म्हणजे प्रमाणपत्र. रेल्वेच्या खेळाडू भरतीत शंभरांपैकी ५० गुण मान्यताप्राप्त कामगिरीला, ४० मैदानी चाचणीला आणि १० शिक्षणाला अशी वाटणी ठरली. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण दिले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत प्रमाणपत्राला नवे वजन आले. पकडपटूच्या बाजूने पाहिले तर ही पद्धत न्यायाची होती. प्रमाणपत्रावर संघाचा क्रमांक असतो, कोणी किती गुण आणले हे नसते. सुवर्णपदक मिळवलेल्या संघातला डावा कोपरा आणि त्याच संघातला पहिला चढाईपटू कागदावर सारखेच. खोटी प्रमाणपत्रे निघू लागल्यावर विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी सक्तीची झाली. मग सामन्याची कागदपत्रे, संघाची यादी, स्पर्धेचा अहवाल जपून ठेवणे हेही प्रशिक्षकाच्या कामात आले. ज्या क्रीडाशिक्षकाने वीस वर्षांपूर्वीच्या याद्या फाईलला लावून ठेवल्या, त्याने आपल्या मुलांची नोकरी राखली असे म्हणायला हरकत नाही.

दरम्यान शोधाची आणखी एक तऱ्हा आली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले आणि त्यानंतर १९९६ मध्ये राज्याने क्रीडा प्रबोधिनी सुरू केली. पुढे औरंगाबादलाही तिचे केंद्र झाले. लहान वयातच मुले मोजमापाने निवडायची अशी कल्पना होती: उंची, वजन, ३० मीटर धाव, ६ गुणिले १० मीटरची ये-जा, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता, ८०० मीटर. विद्यापीठाच्या आवारातल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रानेही अशी शास्त्रीय निवड शहराच्या ओळखीची केली, तलवारबाजी आणि मुष्टियुद्धात विशेषतः. वेग आणि उडी यांनी उपजत ताकद कळते यात शंका नाही. पण पकडीची वेळ टेपने मोजता येत नाही. चढाईपटूचा पाय बोनस रेषेकडे सरकतो आणि वजन मागच्या पायावर असते, तो अर्धा क्षण ओळखणारी नजर ८०० मीटरच्या धावेत दिसत नाही.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि कोपऱ्यातला खेळाडू प्रथमच आकड्यांत आला. प्रत्येक पकड कोणाच्या नावावर हे दूरचित्रवाणीवर मांडले जाऊ लागले. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या पकडीला जादा गुण मिळाला. दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी ‘करो या मरो’ ठरल्यामुळे चढाईपटूला टाळाटाळ करता येईना, आणि कोपऱ्याच्या वाट्याला पकडी वाढल्या. पहिल्या लिलावात सर्वाधिक १२ लाख ८० हजारांची बोली चढाईपटू राकेश कुमारवर लागली होती. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, एक कोटीचा आकडा सर्वांत आधी गाठला तो इराणच्या फझल अत्राचलीने, डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्याने. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. कल्याणच्या गिरीश इरनाकसारख्या मराठी कोपरारक्षकालाही या व्यासपीठाने घराघरांत नेले.

याचा परिणाम संभाजीनगरच्या मैदानांवर दिसतो. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा एखाद्या शाळेच्या पटांगणात सामना चालू असताना मागच्या बाजूला मोबाइल उभा करून चित्रण करणे आता नेहमीचे झाले आहे. जाणता प्रशिक्षक केवळ यशस्वी पकडींचे तुकडे जोडत नाही. निवडणाऱ्याला अखंड सामना हवा असतो: चढाईपटू दुसऱ्या बाजूला असताना हा मुलगा कुठे उभा राहतो, पकड सुटल्यावर पुन्हा जागेवर किती लवकर येतो, शेजाऱ्याला हात देतो की नाही. मातीवर शिकलेल्याची मॅटवरची पकड दिसावी म्हणून तेही चित्रण जोडतात, कारण मॅटवर पाय वेगळे धरतात आणि चढाईपटू वेगळा निसटतो.

मुलींच्या वाट्याला हा बदल पुरता आलेला नाही. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून होत असली, तरी प्रो कबड्डीच्या जोडीने २०१६ मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा झाली ती एकाच मोसमापुरती. त्यामुळे या शहरातल्या कोपरारक्षक मुलीची वाट आजही जिल्हा निवड चाचणी, विद्यापीठाचा संघ, राष्ट्रीय स्पर्धेचे पडताळलेले प्रमाणपत्र आणि रेल्वे किंवा पोलिसांची भरती या जुन्याच क्रमाने जाते.