चाक्या म्हसोबा: आगगाडीला देव करणारी थट्टा

१/ वडापावाभोवती तेजोवलय, कटिंग चहाच्या ग्लासापुढे निरांजन, वेळेवर आलेल्या फास्ट लोकलसमोर साष्टांग नमस्कार. रोजच्या वस्तूंना देवत्व बहाल करणारी ही मीम्स मोबाइलच्या युगाची निर्मिती वाटतात. ठाणे-कल्याणच्या रुळांवर मात्र ही थट्टा आगगाडीइतकीच जुनी आहे. तिचे जुने नाव ‘चाक्या म्हसोबा’.

२/ १६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास चौदा डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन बोरीबंदरहून ठाण्याकडे निघाली. अंतर २१ मैल. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने तिला ओढत होती. वर्षभराने, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणला पोहोचला. प्राचीन काळापासून गलबते पाहत आलेल्या या बंदराने आता रुळांवरचे वाहन पाहिले.

३/ ना बैल, ना घोडा. धूर ओकत, शिट्टी फुंकत धावणारे लोखंड. लोकांनी त्याला नाव दिले चाक्या म्हसोबा, म्हणजे चाके असलेला म्हसोबा. या नावातील निवड पाहण्याजोगी आहे. गणपती नाही, विठोबा नाही; म्हसोबाच का?

४/ म्हसोबा हा गावाच्या शिवेवरचा, शेताच्या बांधावरचा देव. पुष्कळदा त्याला देऊळ नसते. शेंदूर फासलेला दगड हेच त्याचे रूप. तो राखण करतो, पण कोपिष्ट आहे. त्याचा मान द्यावा लागतो: नारळ, कोंबडा, क्वचित बोकड. उपयोगी पण भयंकर, जवळची पण बेभरवशाची, अशा यंत्राला याहून नेमकी उपमा सापडणे कठीण.

५/ ‘अडाणी रयत यंत्राला देव समजली’ असा अर्थ यातून काढणे सोपे आहे, पण त्याला नावातील पहिला शब्दच आड येतो. मराठीत गण्या, बाळ्या, पांड्या ही सलगीची, किंचित चिडवणारी रूपे. ‘चाक्या’ त्याच वळणाचा. ज्याला भाबडेपणाने देव मानले, त्याला कोणी टोपणनाव ठेवीत नाही. हात जोडलेले आहेत, पण ओठांवर हसू आहे.

६/ ही थट्टा इतक्या सहज सुचते, याचे कारण मराठी भक्तीच्या घडणीत आहे. तेराव्या शतकात अरणच्या सावता माळ्याला आपल्या मळ्यातील भाजीपाल्यात विठ्ठल दिसला. जनाबाईबरोबर देव जात्यावर बसला. खंडेनवमीला हत्यारे आणि अवजारे पुजली जातात, पोळ्याला बैल. रोजच्या वस्तूपुढे हात जोडणे ही येथे विसंगती नव्हे, रीत आहे.

७/ मग विनोद कोठे निर्माण होतो? वस्तू लहान आणि भाषा अवाजवी मोठी झाली की. हे तंत्र मराठीत सर्वांत धारदार केले ते आचार्य अत्रे यांनी. ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी लिहिलेल्या विडंबनांचा संग्रह ‘झेंडूची फुले’ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ‘परिटास’ या कवितेत प्रेयसीसाठी राखीव असलेली विरहाची आर्तता कपडे नेलेल्या परिटाच्या वाट्याला येते.

८/ अत्रे परिटाला हसत नव्हते; त्यांचा रोख रविकिरण मंडळासारख्या तत्कालीन कवींच्या हळवेपणावर होता. विडंबनात हसू होते ते पूज्याचे नव्हे, पूजकाच्या अतिरेकाचे. संग्रहाच्या नावातही तोच खोडकरपणा: जाई-जुईच्या काव्यबागेत बाजारात ढिगाने मिळणारा झेंडू.

९/ आजचे मीम याच घराण्यातले. कल्याणचा खिडकी वडा घराच्या खिडकीतून विकला जात असे, म्हणून त्याचे ते नाव. त्या खिडकीला गाभारा आणि रांगेला दर्शनबारी म्हणणारा विनोदकार नकळत अत्र्यांचीच युक्ती वापरतो. ‘मीम’ हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये घडवला. तो ज्या सवयीला चिकटला, ती सवय त्याहून फार जुनी.

१०/ दसऱ्याच्या सुमारास कल्याण, कर्जत, कसारा मार्गांवरील प्रवासी आपला डबा सजवतात. दारांना झेंडूची तोरणे, आत देवाची तसबीर, आरती, प्रसाद. रोज ज्या डब्यात घामाघूम होऊन उभे राहायचे, त्याच डब्याला ओवाळायचे. यात थट्टा किती आणि कृतज्ञता किती, हे वेगळे काढता येत नाही.

११/ परंतु म्हसोबाची दुसरी बाजूही आहे: तो बळी घेतो. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. १८५३ मध्ये ज्या मार्गाने पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली, त्याच मार्गाच्या पुढच्या टप्प्यावर हे घडले.

१२/ येथे विनोदाची कसोटी लागते. देवाचा कोप सोसावा लागतो, यंत्राचा नव्हे. गर्दी, अपुऱ्या गाड्या, उघडी दारे ही माणसांच्या निर्णयांची फळे आहेत आणि त्यांचा जाब माणसांना विचारता येतो. ‘लोकलदेवी कोपली’ असे म्हणून हसणारा ते विसरला, तर थट्टा संपते आणि खरीखुरी अंधश्रद्धा सुरू होते.

१३/ ‘चाक्या म्हसोबा’ म्हणणाऱ्यांनी ती सीमा ओळखली होती. त्यांनी देवाला नाव दिले आणि त्याची चाकेही दाखवून दिली. चाके माणूस बसवतो, माणूसच फिरवतो, आणि वेळ आली तर थांबवतोही.